बावन्न टक्के उसळी

रबराचं एक बरं असतं, त्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नसतं. त्यामुळे एखाद्याला थोडंफार माहीत असावं असा नुसता संशय आला, तरी लोक त्याला साहेब म्हणायला लागतात. रबरसाहेबांचं असंच झालं होतं. रबर आणि प्लास्टिक तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते बावीस वर्षं नोकरीला होते आणि अख्ख्या बिल्डिंगला त्याचा अभिमान होता. कुणाच्या कुकरची रिंग शिट्टी धरेना, कुणाच्या नळाचं वायसर गळायला लागलं, कुणाची प्लास्टिकची बादली उन्हात राहून तडकली, की माणूस ती वस्तू घेऊन तिसऱ्या मजल्यावर यायचा. रबरसाहेब ती दोन बोटांत दाबायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "हं. हार्डनेस गेला याचा." हे निदान आजवर कधी चुकलं नव्हतं, कारण जुन्या झालेल्या कुठल्याही वस्तूचा हार्डनेस कुठं ना कुठं गेलेलाच असतो.

आता खरी गोष्ट सांगायची तर रबरसाहेब प्रयोगशाळेत रिपोर्ट टाइप करायचे. मशीनं मागच्या हॉलमध्ये होती. तिथं रबर ताणलं, दाबलं, घासलं, जाळलं जायचं, आणि त्याचे आकडे चिठ्ठीवरून पुढच्या खोलीत पंख्याखाली बसलेल्या रबरसाहेबांकडे यायचे. बावीस वर्षांत त्यांनी लाखभर आकडे टाइप केले होते आणि एकाही रबराला हात लावला नव्हता. हे त्यांनी घरी मुद्दाम लपवलं होतं असं नाही. कुणी विचारलं नाही, आणि आपणहून सांगण्याइतका मनाचा मोठेपणा त्यांच्यापाशी नव्हता.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात सासरेबुवांच्या काठीचं टोपण झिजलं.

सासरेबुवा म्हणजे पोस्टमन. चाळीस वर्षं पायी टपाल वाटलेला माणूस. आता मुलगी-जावयाकडे राहत होते, पण घरात बसणं हा त्यांच्या लेखी एक आजारच होता. सकाळ-संध्याकाळ काठी टेकत बागेला फेरी व्हायचीच. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी मात्र काठीच्या टोकाचं रबरी टोपण आरपार झिजलेलं होतं, आतलं लोखंडी कडं जिन्यासमोरच्या गुळगुळीत फरशीवर टेकलं, काठी एकीकडे गेली आणि सासरेबुवा दुसरीकडे. हाड मोडलं नाही, साधं खरचटलंसुद्धा नाही. पण त्या वेळी जिन्यापाशी आठ माणसं उभी होती आणि आठही जणांनी एकदम "अरेरे" म्हटलं. त्या दिवसापासून सासरेबुवा घराबाहेर पडले नव्हते.

कारणं मात्र रोज नवी असायची. आज वारा फार आहे. आज चपलेचा अंगठा सैल वाटतोय. आज बागेत गर्दी असेल, आज बागेत कुणीच नसेल. मुलगी विनवायची, जावई आग्रह करायचे, डॉक्टर येऊन पाय ठोकून बघून गेले आणि पाय ठणठणीत आहेत म्हणाले. सासरेबुवा खिडकीतल्या खुर्चीत बसायचे आणि खालून जाणाऱ्या माणसांच्या चालण्यातल्या चुका काढायचे. काळजी वाटावी असंच हे चाललं होतं. बाईसाहेब, म्हणजे रबरसाहेबांची बायको, स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप डोळे पुसायच्या.

आणि एका शुक्रवारी दाराखालून कागद आला. सत्तरीपुढच्यांसाठी चालण्याची स्पर्धा, बागेला एक फेरी, येत्या रविवारच्या पुढचा रविवार, काठी चालेल. गेली तीन वर्षं या स्पर्धेत पहिले यायचे ते समोरच्या बिल्डिंगमधले हेडमास्तर, आणि दुसरे सासरेबुवा. सासरेबुवांनी तो कागद तीनदा वाचला. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही रबरातले ना?"

"हो," रबरसाहेब म्हणाले. आता नाही कसं म्हणणार?

"मग घसरणार नाही असं एक टोपण करून द्या या काठीला. दिलंत की मी खाली उतरतो."

बाईसाहेबांच्या हातातली पळी तिथंच थांबली. दोन महिन्यांत नकार नसलेलं हे पहिलं वाक्य होतं.

औषधाच्या दुकानात काठीची टोपणं मिळतात, हे रबरसाहेबांनाही ठाऊक होतं. त्यांनी एक आणलंही. पण ते दुकानाच्या दाराशी उन्हात वर्षभर लटकलेलं असावं. सासरेबुवांनी नखानं जरा वाकवताच त्याला बारीक बारीक चिरा पडल्या. "घरात तज्ज्ञ असताना दुकानात कशाला जायचं म्हणतो मी?" त्यांनी विचारलं. रबरसाहेबांनी ते टोपण कचऱ्यात टाकलं.

सोमवारी रबरसाहेबांनी ऑफिसात जुन्या रिपोर्टांची थप्पी काढली. आयुष्यात पहिल्यांदा ते आकडे उतरवत नव्हते, वाचत होते. ताण किती सोसतं, तुटायच्या आधी किती लांबतं, दाबलं की किती दबतं, घासलं की किती झिजतं. टोपण कशानं गेलं? झिजून गेलं. मग ज्याची झीज सगळ्यात कमी, ते रबर सगळ्यात चांगलं. इतकं सोपं होतं! त्यांनी झिजेच्या रकान्यावरून बोट फिरवत नेलं आणि एका आकड्यापाशी त्यांचं बोट थांबलं. एवढी कमी झीज त्यांनी कधी पाहिली नव्हती, म्हणजे टाइप केली असणार, पण पाहिली नव्हती.

ते तडक मागच्या हॉलमध्ये गेले. तिथं दादा होते. दादा म्हणजे तीस वर्षं त्या मशीनांच्या संगतीत राहिलेला माणूस, बोटं काळी, बोलणं थोडं.

"दादा, या नंबरचा नमुना उरलाय का हो?"

"आहे. काय करताय?"

"काठीचं टोपण. सगळ्यात कमी झीज याचीच आहे."

"झीज बघितलीत. शेजारचा रकाना बघितला का?"

"शेजारच्या रकान्याशी आपल्याला काय करायचंय?"

दादा मिशीतल्या मिशीत हसले. "न्या मग. घरी गेल्यावर एकदा खाली टाकून बघा."

दादांना थट्टेची सवय आहे, असं समजून रबरसाहेबांनी तो तुकडा डब्याच्या पिशवीत टाकला.

रबर कापणं हा एक स्वतंत्र अध्याय आहे. स्वयंपाकघरातली सुरी रबरावर नुसती कुरकुरायची, आत जायचं नाव घ्यायची नाही. आवाज ऐकून तळमजल्याच्या काकू वर आल्या. या काकू आवाजाच्या वासावर असायच्या. "अहो, सुरी साबणाच्या पाण्यात बुडवा," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाचं चपलांचं दुकान होतं." सुरी बुडवली आणि रबर लोण्यासारखं कापलं गेलं. या सबंध प्रकरणात मिळालेल्या शेकडो सल्ल्यांपैकी लागू पडलेला हा एकमेव सल्ला. रबरसाहेबांनी त्याबद्दल आभार मानले नाहीत, कारण तज्ज्ञानं काकूंकडून शिकायचं नसतं.

टोपण बसलं. नुकतीच पुसलेली हॉलची फरशी अजून ओली होती. रबरसाहेबांनी काठी उचलली आणि ऐटीत जमिनीवर आपटली. ती हातातून सुटून वर गेली, दिव्याच्या काचेला लागली, खाली आली, पुन्हा वर गेली आणि सोफ्यावर जाऊन पडली.

"ही काठी आहे का बेडूक?" सासरेबुवा म्हणाले. आणि चक्क हसले, अगदी पोट धरून.

शेजारच्या रकान्यात उसळी होती. मुलं ज्या चेंडूला आपटून छताला लावतात, त्या जातीचं ते रबर होतं. झीज कमीच, पण टेकवाल तितक्याच जोरानं परत उडणार. "घट्ट धरली की नाही उडणार," रबरसाहेब म्हणाले, आणि काठी दोन्ही हातांनी धरून ओल्या फरशीवरून चार पावलं चालले. उडाली नाही. सरकली. आपटलं की उडणारं हे रबर ओल्यात धरत नाही, हा आणखी एक रकाना त्यांनी वाचला नव्हता. ते बायको, सासरे आणि काकू यांच्यासमोर मटकन खाली बसले, आणि बसल्याबसल्या फरशी तपासत असल्याचा आव आणला.

"फरशीचा हार्डनेस गेला का हो?" काकूंनी विचारलं.

बातमी काकूंना कळली म्हणजे बिल्डिंगला कळलीच. त्या संध्याकाळी सल्ल्यांची रीघ लागली. कुणी म्हणालं सायकलची ट्यूब गुंडाळा, कुणी म्हणालं बाटलीचं बूच बसवा, एकानं तर काठीच सोडून द्या म्हणून सांगितलं. सर्वांत ठाम होते दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले. नॉनस्टिक तव्यावर असतं ते पांढरं प्लास्टिक वापरा, असं त्यांचं म्हणणं. "त्याला काही चिकटतच नाही. मग झिजणार कसं?" तर्क बिनतोड होता. बँकवाल्यांनी कुठल्याशा कारखान्यातून त्याची एक वडीही पैदा करून आणली. ती बसवलेली काठी भिंतीला टेकवून ठेवली की आपोआप हळूहळू खाली सरकायची आणि जमिनीवर आडवी व्हायची. तीनदा उभी केली, तीनदा झोपली. "हिला निदान विश्रांतीची गरज कळते," सासरेबुवा म्हणाले.

बुधवार उजाडला. आता रबरसाहेबांनी ठरवलं की एकच रकाना धरून चालायचं नाही. त्यांनी झीज बघितली, उसळी बघितली, हार्डनेस बघितला, आणि उसळी सर्वांत कमी असलेलं, टायरच्या ट्यूबचं मऊ रबर निवडलं. खाली टाकलं की ते पडल्याजागी गप्प बसायचं. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण माणसाला यश दिसायला लागलं की डोकं चालतं. जमिनीला जास्त धरावं म्हणून त्यांनी त्या टोपणाच्या तळाला वाटीसारखा खळगा कोरला.

चाचणी घटनास्थळीच घ्यायची, असं ठरलं. सासरेबुवा अर्थातच खाली उतरले नाहीत. रबरसाहेब वॉचमनला साक्षीला घेऊन जिन्यासमोरच्या त्याच फरशीवर उभे राहिले आणि काठी दाबून टेकवली. उडाली नाही. सरकली नाही. उचललीही गेली नाही.

रबरसाहेबांनी ओढली. वॉचमननं ओढली. मग रबरसाहेबांनी काठी धरली आणि वॉचमननं रबरसाहेबांना धरलं. हवा बाहेर गेलेली ती वाटी फरशीला अशी काही चिकटली होती, की शेवटी काठी निघाली तेव्हा फरशीही बरोबर निघाली. आधीच सैल असणार ती! पण हे बघायला नेमके सेक्रेटरी जिन्यावरून उतरत होते. काठीच्या टोकाला लटकणाऱ्या सोसायटीच्या फरशीकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"हे काय आहे?"

"घसरत नाही," रबरसाहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सेक्रेटरी म्हणजे नियमाचा माणूस. स्पर्धेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. गुरुवारी त्यांनी रबरसाहेबांना बोलावून घेतलं. टेबलावर दोन कागद होते. एक फरशीबद्दलची नोटीस, आणि दुसरी हेडमास्तरांची तक्रार. आपल्या प्रतिस्पर्ध्याची काठी स्प्रिंगसारखी उडते असं कानावर आलं आहे, असं हेडमास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. उडत्या काठीनं चालणं हे चालणं नव्हे, यांत्रिक साहाय्य आहे.

"तेव्हा कमिटीनं ठरवलंय," सेक्रेटरी म्हणाले, "टोपणाचं सर्टिफिकेट आणायचं. उसळी निम्म्याच्या वर नको. पन्नास टक्के."

"पन्नासच का?"

"पन्नास म्हणजे मध्यम. कमिटी नेहमी मध्यमच ठरवते. आणि तुम्हाला काय अवघड आहे? तुमचीच प्रयोगशाळा."

इथं रबरसाहेबांचा धीर सुटला. स्पर्धा तीन दिवसांवर आली होती, टोपण एकही धड नव्हतं आणि आता नसलेल्या टोपणाचं सर्टिफिकेट हवं होतं. त्यातून घरी एक विचित्र गोष्ट घडत होती. सासरेबुवा रोज सकाळी उठून दाढी करत होते. चपला पुसून दाराशी ठेवत होते. खिडकीऐवजी दाराकडे तोंड करून बसत होते. रविवारी टोपण नसेल तर त्या चपला पुन्हा खणात जातील आणि या वेळी कायमच्या जातील, हे बाईसाहेबांना कळत होतं आणि रबरसाहेबांनाही कळत होतं.

ते मागच्या हॉलमध्ये गेले आणि दादांसमोर स्टुलावर बसले. "दादा," ते म्हणाले, "मला रबरातलं काहीही कळत नाही."

"ते मला बावीस वर्षं माहीत आहे," दादा म्हणाले. "उठा. शर्टाच्या बाह्या वर करा."

त्यानंतरचे दोन तास रबरसाहेब आयुष्यात विसरले नाहीत. दादांनी त्यांच्यासमोर दहा-बारा तुकडे टाकले आणि एकही आकडा न सांगता म्हणाले, दाबा. अंगठ्याचं नख रुतवा. ओढा. वाकवून धरा आणि सोडा, बघा परत यायला किती वेळ लावतंय. वास घ्या. ओल्या फरशीवर घासा. या तेलाच्या वाटीत कालपासून पडलेला तुकडा बघा, फुगून दुप्पट झालाय. हा सिलिकॉनचा, भट्टीत तापला तरी हूं का चूं करणार नाही, पण एक चीर पडली की टराटरा फाटत जाईल. हे प्लास्टिक बघा, आत्ता ताठ आहे, उन्हात गेलं की मऊ पडेल. रबरसाहेब लहान मुलासारखे प्रत्येक तुकड्यावर झडप घालत होते. साठ हार्डनेस हा आकडा त्यांनी हजार वेळा टाइप केला असेल, पण तो असा बोटाला लागतो, जरा दबतो आणि मग नाही म्हणतो, हे त्यांना आज कळलं. त्यांनी दादांना तीच गोष्ट चारचारदा विचारली. दादांनी चारचारदा सांगितली.

"सगळ्यात चांगलं असं रबर नसतं," दादा म्हणाले. "कामाला चांगलं असतं. एका रकान्यात घ्यायला गेलात, की दुसऱ्यात द्यावं लागतं."

मग दोघांनी मिळून निवड केली. झाडाच्या चिकाचं साधं रबर, त्यात काजळी घातलेली. झीज मध्यम, उसळी मध्यम, पण ओल्या फरशीवर घट्ट पाय रोवणारं. दादांकडे त्याचा उरलासुरला कच्चा, म्हणजे साच्यात भाजायचा राहिलेला गोळा होता, आणि चाचणीच्या वड्या पाडायचा चार घरांचा साचाही. वड्या नेमक्या काठीच्या कड्यात बसतील एवढ्याच होत्या. आता फक्त परवानगी हवी होती.

परवानगीचं घोडं अडलं. प्रयोगशाळेच्या नियमानुसार कर्मचाऱ्याला स्वतःचा नमुना तपासून घेता येत नाही. अर्ज बाहेरच्या माणसाचा लागतो. म्हणून शुक्रवारी सकाळी बाईसाहेब अर्ज घेऊन आल्या आणि त्यांना खिडकीतून नवऱ्याकडेच फॉर्म भरून द्यावा लागला. 'अर्जदाराचा नमुन्याशी संबंध' या रकान्यात त्यांनी विचार करून 'मुलगी' असं लिहिलं. मोठ्या साहेबांनी त्यावर सही केली, ती न वाचता केली असावी. खाली बारीक अक्षरात होतं, की तीन नमुने लागतील आणि ते चाचणीत नष्ट होतील. चार वड्या निघाल्या. तीन मशीनला गेल्या आणि चौथी रबरसाहेबांनी खिशात ठेवली, आणि दिवसभर खिशात हात घालून ती दाबत बसले.

दुपारी चिठ्ठी आली. हार्डनेस बासष्ट. झीज मध्यम. उसळी बावन्न.

बावन्न! पन्नासाची मर्यादा आणि बावन्न! रबरसाहेब मशीनसमोर, म्हणजे आपल्या टाइप करायच्या मशीनसमोर बसले होते आणि त्यांची बोटं हवेत थांबली होती. बावन्नचे अठ्ठेचाळीस करायला दोन बटणं पुरली असती. कुणाला कळणार होतं? वड्या तर नष्ट झालेल्या. सही करणारे न वाचता सही करतात. डोळ्यांसमोर सासरेबुवांच्या पुसलेल्या चपला दिसत होत्या. इतकी वर्षं त्यांनी एकही आकडा बदलला नव्हता, पण त्यात त्यांचं कौतुक काय? बदलावासा कधी वाटलाच नव्हता. आज वाटत होता, अगदी मनापासून वाटत होता. आणि बोटांत तर अजून त्या रबराचा दाब होता, जरा दबून नाही म्हणणारा. त्यांनी पाच दाबला, दोन दाबला आणि कागद ओढून काढला.

घरी बाईसाहेबांनी रिपोर्ट वाचला. "अहो, एवढं दोनाचंच तर होतं..."

"तो आकडा माझा नाही गं," रबरसाहेब म्हणाले. "रबराचा आहे." आणि मग एकदा तोंड उघडलंच आहे तर, म्हणून खिडकीकडे वळून त्यांनी सगळंच सांगून टाकलं. "बाबा, मी रबरातला कुणी नाही. मी नुसता टाइप करतो. बावीस वर्षं."

"मला माहीत आहे," सासरेबुवा म्हणाले.

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून. तुमच्या ऑफिसचं टपाल कोण टाकायचं? मीच. जाळीतून दिसायचात की, मान खाली घालून टकटक करताना. चांगला वाटला मुलगा."

"मग मला कशाला सांगितलंत टोपण करायला?"

सासरेबुवा खुर्चीत सावरून बसले. "दोन महिने या घरात सगळे माझ्याकडे बघत होते. हे आठ दिवस सगळे तुमच्याकडे बघतायत. बरं वाटलं हो."

बाईसाहेब तोंडाला पदर लावून हसत होत्या की रडत होत्या, ते सांगता आलं नसतं. रबरसाहेबांनी चौथी वडी खिशातून काढली, साबणाचं पाणी लावलं आणि काठीच्या कड्यात ठोकून बसवली.

रविवारी सकाळी सासरेबुवा जिना उतरले. एका बाजूनं मुलीनं दंड धरला होता, दुसऱ्या बाजूनं जावयानं. नव्यानं बसवलेल्या फरशीपाशी ते थांबले आणि काठीच्या टोकानं ती दोनदा ठोकून बघितली. पण फरशी ओलांडली. बागेपर्यंत तिघं असेच गेले, सासरेबुवांचे पाय जेमतेम जमिनीला लागत होते म्हणायला हरकत नाही, इतकं घट्ट दोघांनी त्यांना धरलं होतं.

बागेच्या दाराशी कमिटीचं टेबल होतं. सेक्रेटरींनी रिपोर्ट वाचला, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "बावन्न."

"म्हणजे पन्नासच्या वर," हेडमास्तर म्हणाले. पांढरे बूट घालून ते जागच्या जागी पाय हलवत होते.

"दोन टक्के इकडेतिकडे चालतात," बँकवाले म्हणाले. "आम्ही बँकेत..."

"गणितात इकडेतिकडे नसतं!"

"मग तुमच्या काठीचं सर्टिफिकेट कुठं आहे?" गर्दीतून काकूंचा आवाज आला, आणि तिथं एकच गोंधळ उडाला. हेडमास्तर म्हणाले माझी तक्रार आहे, माझ्यावर तक्रार नाही. सेक्रेटरी म्हणाले नियम सगळ्यांना सारखा. कुणीतरी हेडमास्तरांची काठी घेऊन कमरेच्या उंचीवरून खाली सोडली आणि ती किती उसळली हे मोजायला बँकवाले पट्टी शोधू लागले. एकाचं मत वीतभर, दुसऱ्याचं चार बोटं. इतर स्पर्धकांच्या काठ्याही टेबलावर गोळा झाल्या. कधी नव्हे ते रबरसाहेबांना तावातावानं बोलायला सुचत होतं. उसळी म्हणजे काय, ती थंडीत किती बदलते, टोपण जुनं झालं की किती बदलते, हे ते टेबलावर हात आपटून सांगत होते आणि लोक ऐकत होते! सासरेबुवांचा दंड सोडून आपण दोन्ही हात वापरतोय, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. बाईसाहेबही काकूंच्या बाजूनं भांडायला पुढे सरसावल्या होत्या.

पंधरा मिनिटं झाली असतील. रबरसाहेबांनी "यांच्याच काठीवर दाखवतो" म्हणून मागे हात केला, आणि हाताला काहीच लागलं नाही.

सासरेबुवा तिथं नव्हते.

रबरसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि बागेच्या अगदी टोकाला, वळणापाशी, त्यांना ती पाठ दिसली. ताठ. काठी टेकत होती, उचलत होती, टेकत होती. उडत नव्हती आणि चिकटत नव्हती. सासरेबुवा एकटे चालले होते.

रबरसाहेब धावत सुटले. चप्पल निघाली, ती तिथंच टाकून धावले. जवळ जाऊन ते सासरेबुवांच्या पुढे झाले आणि दोन्ही हात पसरून उलट्या पावलांनी मागे मागे जाऊ लागले. सासरेबुवांना धाप लागली होती, कपाळावर घाम होता आणि चेहरा उजळला होता.

"बाबा, थांबा! अजून निर्णय व्हायचाय!"

"होऊ द्या."

"निदान माझा हात तरी..."

"जावईबापू," सासरेबुवा म्हणाले, "बाजूला व्हा. वाटेत येताय."

रबरसाहेब बाजूला झाले. सासरेबुवांनी फेरी पुरी केली. टेबलापाशी कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही, तिथं पट्टी सापडली होती. सासरेबुवाही थांबले नाहीत. ते टेबलामागून तसेच पुढे गेले, बागेच्या फाटकातून रस्त्यावर उतरले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि उजवीकडे वळून दिसेनासे झाले.

रबरसाहेब एका पायात चप्पल घालून फाटकापाशी उभे होते. मागून बाईसाहेब धापा टाकत आल्या. "अहो, बाबा कुठं आहेत?"

रबरसाहेबांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. दोन महिने आणि नऊ दिवस त्या घरात हे वाक्य कुणाला बोलता आलं नव्हतं.

"बाहेर गेलेत," ते म्हणाले.